खिशातली दैनंदिनी : घरी बांधलेल्या वहीचा इतिहास

शाळेचे वर्ष संपले की मराठी घरांत एक छोटासा कारखाना सुरू होत असे. वर्षभराच्या वह्या जमिनीवर पसरल्या जात. ज्यांची मागची पाने कोरी राहिली असतील, ती पाने जपून काढली जात. आखीव, कोरी, चौकटीची अशी त्यांची वाटणी होई. मग त्या पानांच्या कडा जुळवून, दाभणाने भोके पाडून, दुहेरी दोऱ्याने ती शिवली जात. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून जुन्या वहीचा पुठ्ठा वर चिकटवला की पुढच्या वर्षाची कच्ची वही तयार होई. या कामात उरलेले लहानमोठे तुकडेही वाया जात नसत. त्यांची तळहाताएवढी वही वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात किंवा आईच्या फडताळात जाऊन बसे. दुधाचा हिशेब, घरभाड्याची तारीख, मुलांच्या फीचा शेवटचा दिवस, गावाकडच्या लग्नाचा मुहूर्त आणि आगगाडीची वेळ, या साऱ्यांची नोंद त्या चिमुकल्या वहीत होत असे.

काटकसरीची सवय म्हणून या वहीकडे पाहिले जाते, आणि ते खरेही आहे. तथापि तिला याहून मोठी वंशावळ आहे. आपला दिवस आपल्या हाताने आखावा, त्याची नोंद जवळ बाळगावी आणि त्यासाठीचे साधनही आपणच घडवावे, ही इच्छा कागदाहूनही जुनी आहे.

मुठीत मावणारी पाटी

प्राचीन रोममध्ये लाकडी फळ्यांवर मेणाचा थर देऊन त्यावर अणकुचीदार लेखणीने लिहीत. अशा दोनतीन फळ्या दोऱ्याने एकत्र बांधल्या की लहानशी वही होई. हातात मावणाऱ्या अशा फळ्यांना लॅटिनमध्ये ‘पुगिलारेस’ म्हणत. मुठीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच हे नाव आले. लेखणीचे दुसरे टोक चपटे असे. काम झाले की त्याने मेण सारखे करावे आणि पुन्हा लिहावे. आजचे काम आज लिहून उद्या पुसण्याची सोय दोन हजार वर्षांपूर्वी अशी झालेली होती.

भारतात हे काम धूळपाटी करीत असे. फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षरे व आकडे गिरवायचे, आणि हाताच्या एका फटकाऱ्याने पुसून टाकायचे. गणिताला ‘धूलिकर्म’ हे नाव पडले ते यामुळेच. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्बेरुनीने येथील शाळांत मुले काळ्या पाटीवर पांढऱ्या साधनाने लिहितात, अशी नोंद आपल्या ग्रंथात केली आहे. पाटीपेन्सिलीवर ज्यांचे शिक्षण सुरू झाले, त्या पिढ्यांना ही नोंद घरचीच वाटेल.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये फ्रँक अॅडम्स नावाचा कारागीर एक वेगळी खिशातली वही विकू लागला. तिच्यात चोवीस वर्षांचे कॅलेंडर छापलेले असे आणि सोबत खास लेप दिलेली पाने असत. धातूच्या काडीने त्यांवर लिहावे आणि ओल्या बोळ्याने पुसावे, अशी ती व्यवस्था होती. शेक्सपिअरचा हॅम्लेट वडिलांच्या पिशाच्चाची भेट झाल्यावर ज्या ‘टेबल्स’ काढून नोंद करतो, त्या याच जातीच्या. वर्षाचा आराखडा छापील आणि दिवसाची नोंद हाताने, अशी खिशातल्या दैनंदिनीची घडण येथे स्पष्ट दिसते.

रोजनिशी, जुज आणि टाचण

मराठीत दैनंदिन नोंदीला ‘रोजनिशी’ म्हणतात. ‘रोज’ म्हणजे दिवस, आणि दुसऱ्या पदाचे नाते ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा या फारसी शब्दाशी आहे. चिटणीस, फडणवीस, पारसनीस ही आडनावेही त्याच कुळातली. मराठेशाहीच्या दप्तरांत रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, झडती असे नोंदींचे कितीतरी प्रकार होते, आणि मोडीत लिहिलेले ते कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवले जात. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. या रोजनिशींवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी लिहिले, तेव्हा लढाया आणि तह यांच्यापलीकडे सामान्य माणसे कशी जगत होती हे त्यांतून कळते, याला त्यांनी महत्त्व दिले. कोणाला काय दिले, कोणाचा दंड माफ केला, कोणत्या गावी विहिरीसाठी काय खर्च झाला, असल्या रोजच्या नोंदींतूनच इतिहास लिहिला जातो.

हे लेखन ज्या कागदावर झाले तोही बराचसा हातानेच केलेला होता. दौलताबादजवळील कागजीपुरा या वस्तीचे नावच तेथील कागद करणाऱ्यांवरून पडले. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. चिंध्या आणि तागासारखे तंतू कुटून त्यांचा लगदा करायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, तो वाळवून त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरू नीट चालत नसे आणि शाई पसरत असे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर सारखे असावे, पानाच्या भोवती जागा सोडावी, निरनिराळ्या देशांचे बोरू जमवावे, अशा बारकाव्यांत तेथे समर्थ रमलेले दिसतात. लिहिणाऱ्याने आपली साधने आपण सिद्ध करावीत, हे त्या काळी गृहीतच होते.

वही बांधण्याचा शब्दसंग्रहही मराठीत संपन्न आहे. घड्या घालून एकात एक बसवलेल्या पानांच्या गठ्ठ्याला ‘जुज’ म्हणतात आणि असे जुज शिवून केलेल्या बांधणीला ‘जुजबंदी’. व्यापाऱ्यांच्या लांबट चोपड्यांत पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडण्याची रीत होती. रेघ मारायलाही शाई खर्चायची नाही, घडीच रेघेचे काम करते, अशी त्यामागची व्यवहारबुद्धी.

‘टाचण’ हा शब्द तर शाळेला फारच जवळचा आहे. टाचणे म्हणजे सैल टाके घालून तात्पुरते जोडणे. त्यावरून आठवणीसाठी केलेल्या त्रोटक नोंदीला टाचण म्हणू लागले, आणि शिक्षकांच्या वर्गातील तयारीला ‘पाठटाचण’ हे नाव मिळाले. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचे पाठटाचण या तीन पायऱ्यांवर मराठी शाळेतील गुरुजी व बाई वर्षाची आखणी करीत आल्या आहेत. वर्ष, महिना आणि दिवस यांची सांगड घालणारी दैनंदिनी म्हणून बाजारात जे विकले जाते, ते शाळेच्या शिक्षकदालनात केव्हाचे हाताने लिहिले जात होते.

फिलाडेल्फियाच्या मुद्रकाची वही

स्वतः केलेल्या खिशातल्या दैनंदिनीचे सर्वांत तपशीलवार वर्णन बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रात सापडते. तरुण वयात फिलाडेल्फियात छापखाना चालवताना त्यांनी ठरवले की आपले वर्तन निर्दोष करायचे. त्यासाठी त्यांनी बारा सद्गुणांची यादी केली. मिताहार, मौन, सुव्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय इत्यादी गुण तीत होते. यादी पाहून त्यांच्या एका क्वेकर मित्राने सांगितले की लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात. तेव्हा फ्रँकलिन यांनी तेरावा गुण जोडला, तो विनय.

मग त्यांनी एक छोटी वही केली. प्रत्येक गुणाला एक पान दिले. पानावर तांबड्या शाईने सात उभे रकाने आखले, ते आठवड्याचे सात वार. आडव्या तेरा ओळी आखल्या, त्या तेरा गुणांच्या. रोज रात्री आत्मपरीक्षण करून ज्या गुणात चूक झाली असेल त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष पुरवायचे, आणि बाकीच्यांची नुसती नोंद ठेवायची. बागेतले सगळे तण एका दिवसात उपटू पाहणाऱ्या माळ्याची दमछाक होते. एकेक वाफा घेणारा मात्र काम तडीस नेतो, असा त्यांचा हिशेब होता. तेरा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होई, आणि तेरा चोक बावन्न या न्यायाने वर्षात चार फेऱ्या.

त्याच वहीच्या एका पानावर चोवीस तासांचा आराखडा होता. पहाटे पाचला उठणे, दिवसाचा बेत ठरवणे, आठ ते बारा काम, दुपारी वाचन, हिशेब आणि जेवण, दोन ते सहा पुन्हा काम, त्यानंतर वस्तू जागच्या जागी ठेवणे, भोजन, संगीत, गप्पा आणि दिवसाचे परीक्षण, व दहाला झोप. सकाळी आज कोणते सत्कृत्य करीन हा प्रश्न, आणि संध्याकाळी आज कोणते सत्कृत्य केले हा प्रश्न.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. एक फेरी संपली की जुने ठिपके खरवडून त्याच पानांवर नवी फेरी सुरू करावी लागे. ठिपके इतके होते की खरवडून खरवडून कागदाला भोके पडली. तेव्हा त्यांनी ते तक्ते हस्तिदंती पानांच्या टिपणवहीवर उतरवले. तांबड्या रेघा पक्क्या राहिल्या आणि शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या बोळ्याने पुसता येऊ लागले. दैनंदिनीच्या इतिहासात ही भोके महत्त्वाची आहेत. वही करणाऱ्याला आपल्या चुकांची संख्या कागदाच्या झिजेवरून कळली.

सर्वांत अधिक त्रास त्यांना ‘सुव्यवस्थे’ने दिला. मुद्रकाच्या धंद्यात गिऱ्हाइके येतील तेव्हा त्यांना भेटावे लागे, आणि कागदपत्र जागच्या जागी ठेवण्याची सवय त्यांना कधीच लागली नाही. या संदर्भात त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखीच ती सगळी चकचकीत करून मागितली. लोहार म्हणाला, करून देतो, पण सहाणेचे चाक तुम्ही फिरवा. चाक फिरवता फिरवता तो माणूस थकला आणि आहे तशी कुऱ्हाड द्या म्हणू लागला. लोहाराने सांगितले, अजून नुसते ठिपकेच गेले आहेत, आणखी फिरवा. त्यावर तो उत्तरला की मला ठिपक्यांची कुऱ्हाडच जास्त आवडते. फ्रँकलिन यांनी ही गोष्ट स्वतःवर हसत सांगितली आहे. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी हे लिहिताना त्यांनी मान्य केले की परिपूर्णता हाती लागली नाही, परंतु त्या प्रयत्नामुळे आपण आधीपेक्षा बरे आणि सुखी झालो. फेऱ्या पुढे वर्षाला एक, मग काही वर्षांनी एक अशा विरळ होत थांबल्या. ती छोटी वही मात्र ते नेहमी जवळ बाळगीत.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हेच फ्रँकलिन १७३३ सालापासून ‘पुअर रिचर्ड’ नावाचे पंचांगवजा वार्षिक छापून विकत होते. ज्याच्या छापखान्यातून दरवर्षी लोकांसाठी तयार वर्ष बाहेर पडत होते, त्याने स्वतःच्या दिवसांसाठी मात्र हाताने वही आखली.

छापील वर्ष आणि आपले वर्ष

छापील वर्षाला हाताने जोड देण्याची गरज इतरांनाही भासली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७६० च्या दशकात व्हर्जिनियाच्या छापील पंचांगात कोरी पाने घालून घेतली आणि त्यांवर आपला वेळ कोठे व कसा गेला याची नोंद ठेवली. १८१२ साली लंडनच्या जॉन लेट्स यांनी तारखा छापलेली डायरी बाजारात आणली आणि कोऱ्या पानांची कल्पना छापखान्याच्या ताब्यात गेली. भारतात तिचे अनुकरण झाले, आणि नववर्षाची डायरी भेट मिळणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

मराठीत छापील वर्षाचा आरंभ पंचांगाने झाला. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापले. तोवर पंचांग हाताने नकलून घ्यावे लागे किंवा जोशीबुवांच्या तोंडून ऐकावे लागे. पुढे १९७३ साली जयंतराव साळगावकर यांचे ‘कालनिर्णय’ आले, आणि तारीख, तिथी, सण व सुट्टी ही सारी एका भिंतीवर एकत्र आली. दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर आल्याची तारीख त्याच चौकटींत पेनाने लिहिली जाऊ लागली. छापील वर्षावर घराने आपली मोहोर अशी उमटवली.

बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबाची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात चांद्रमास अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, वद्य पक्षाचे मात्र एका महिन्याने बदलते. मराठी घरातील श्रावण वद्य अष्टमी ही शेजारच्या घरात भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. दिवस एकच, कृष्णजन्मही एकच, परंतु महिन्याचे नाव वेगळे. माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात लिहिली जाते. शेजाऱ्यांचा सावन पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि मराठी घरातील मुलगा विचारतो की आपल्या श्रावणी सोमवारांना अजून उशीर कसा. गुजरातेत महिने मराठीसारखेच, पण वर्ष बदलते ते कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. तमिळनाडू, केरळ, बंगाल येथे सौर महिन्यांचा हिशेब. अशा ठिकाणी बाजारातली डायरी आणली तर तिच्यात गुढीपाडवा छापलेला असेलच असे नाही, आणि आजीची तिथी तर कुठल्याच छापखान्यात छापून येत नाही.

देशाच्या पातळीवर हा गोंधळ सोडवण्याचा प्रयत्न झाला होता. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने शिफारस केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी अमलात आली. तिचे महिने मोजायला सोपे आहेत. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन हे सहा महिने ३० दिवसांचे, आणि चैत्र ३० दिवसांचा व लीप वर्षी ३१ दिवसांचा. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ही तारीख आली. घराघरांत मात्र जुन्या तिथी आणि इंग्रजी तारीख यांचीच जोडी कायम राहिली.

शिवाय वर्षे तरी किती? इंग्रजी वर्ष जानेवारीत सुरू होते. सरकारी आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला. शाळेचे वर्ष काही राज्यांत एप्रिलमध्ये, काही ठिकाणी जूनमध्ये. मराठी वर्ष पाडव्याला, आणि दुकानदाराच्या चोपड्या दिवाळीत. एकाच घरात ही सारी वर्षे एकमेकांवर चढलेली असतात. त्यांचा मेळ घालण्याचे काम घरच्या वहीकडे येते, कारण त्या घराला लागणाऱ्या सगळ्या तारखा तिच्याखेरीज अन्यत्र एकत्र नसतात.

लंडनमधील एक प्रसंग अशा वहीची किंमत दाखवतो. १९२१ साली तेथे नॉर्मन अँड हिल ही कंपनी सुरू झाली. सुटी पाने कडीत अडकवून हवी तशी बदलता येतील अशी ‘फायलोफॅक्स’ वही ती विकत असे. १९४० च्या बॉम्बवर्षावात कंपनीचे कार्यालय नष्ट झाले. ग्रेस स्कर या चिटणीसबाईंनी ग्राहकांची व पुरवठादारांची माहिती आपल्या वहीत उतरवून ठेवली होती आणि ती वही त्या घरी नेत असत. त्या पानांच्या आधारे धंदा पुन्हा उभा राहिला, आणि पुढे त्याच बाई कंपनीच्या प्रमुख झाल्या.

एक ताव, आठ पाने

आज ही वही पुन्हा घरी करता येते, आणि आता कागदाचे मापही मदतीला आहे. १९२२ साली जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नाने कागदाची ‘ए’ मालिका ठरली. तिच्यात लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर असे आहे की कागद मधोमध दुमडला तरी आकाराचे प्रमाण तेच राहते. जुन्या फुलस्केप कागदाला हे जमत नसे. २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा ए-चार कागद तीनदा अर्धा केला की सुमारे ७४ गुणिले १०५ मिलिमीटरची आठ पाने मिळतात. सदऱ्याच्या खिशाला हे माप बरोबर बसते.

सर्वांत सोपी वही एका कागदाची. कागदाला घड्या घालून आठ सारखे भाग पाडावेत, चार उभे आणि दोन आडवे. मग लांबी निम्मी होईल असा कागद दुमडावा आणि घडीच्या बाजूने मधल्या आडव्या घडीवरून फक्त पुढच्या उभ्या घडीपर्यंत कात्री चालवावी. कागद उलगडला की मधोमध एक चीर दिसते. तो आता लांबीच्या दिशेने दुमडून दोन्ही टोके आत ढकलली की चीर उघडते, अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो, आणि तो एका बाजूला वळवला की आठ पानी वही तयार. दोरा नको, खळ नको. या वहीत कागदाची एकच बाजू बाहेर दिसते आणि दुसरी आत झाकली जाते. म्हणून एका बाजूला छपाई झालेला पाठकोरा कागद तिला उत्तम. गांधीजी पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, मौनवारी चिठ्ठ्यांवर उत्तरे देत. ती रीत पाळणाऱ्या घरांना ही घडी लगेच पटेल. सात पानांवर आठवड्याचे सात वार, आणि आठवे मुखपृष्ठ.

वर्षाची वही करायची तर शिवण लागते. चार ए-चार कागद दोनदा अर्धे करून कापले की सोळा तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की चार पृष्ठे, म्हणजे एकूण चौसष्ट. वर्षाचे आठवडे बावन्न आणि महिने बारा, यांची बेरीजही चौसष्टच. आठ आठ तुकड्यांचे दोन जुज केले तर प्रत्येकात सव्वीस आठवडे आणि सहा महिने बसतात. एक जुज म्हणजे एक सहामाही, हे गणित शाळेच्या माणसाला आवडावे असे आहे. पानाची उंची १०५ मिलिमीटर. प्रत्येक वाराला १३ मिलिमीटर दिले तर ९१ होतात, आणि वर १४ मिलिमीटर आठवड्याच्या शीर्षकासाठी उरतात.

घडीवर मधोमध एक आणि दोन्ही टोकांपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर एकेक, अशी तीन भोके दाभणाने पाडावीत. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत न्यावी, आतूनच खालच्या भोकापर्यंत आणून बाहेर काढावी, आणि मधल्या भोकातून पुन्हा आत घ्यावी. आत आलेली दोन्ही टोके मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारावी. जुन्या वहीचा किंवा आमंत्रणपत्रिकेचा पुठ्ठा वेष्टनाला पुरे.

पानांवर काय लिहावे हे मात्र कोणी ठरवून देऊ शकत नाही, आणि घरच्या वहीचे सारे महत्त्व येथेच आहे. प्रथम न बदलणाऱ्या तारखा लिहाव्यात, म्हणजे वाढदिवस, शाळेची फी, विम्याचा हप्ता. मग पंचांग उघडून घरच्या तिथी त्या वर्षीच्या तारखांवर बसवाव्यात. हे काम दर पाडव्याला नव्याने करावे लागते, कारण तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय होत नाही. कोणत्या पूर्वजाची तिथी कोणती, कुलधर्म कोणत्या महिन्यात, गावची जत्रा कोणत्या पौर्णिमेला, हे सांगताना आजी किंवा आजोबा त्या माणसांच्या आणि त्या गावांच्या गोष्टीही सांगतात. परप्रांतात वाढणाऱ्या नातवंडांच्या हातून ती नावे आणि त्या तिथी मराठी अक्षरांत उतरतात. आजीला जे केवळ तोंडपाठ होते, ते कुटुंबात पहिल्यांदा कागदावर येते. एखाद्या वर्षी हे विचारायचे राहून गेले आणि सांगणारे माणूसच उरले नाही, तर ती तिथी पुन्हा कोणालाच सापडत नाही.

भ्रमणध्वनीतील दिनदर्शिका वेळेवर घंटा वाजवते, आणि त्या सोयीचे मोल आहेच. पण गेल्या वर्षीची शिवलेली वही हातात घेतली की खोडलेली कामे, पुढे ढकललेले बेत आणि न पाळलेले संकल्प त्या पानांवर दिसतात. फ्रँकलिन यांच्या कागदाला पडलेल्या भोकांसारखीच ती खुणांची भाषा आहे.

पंचांगात संवत्सरांची साठ नावे आहेत, प्रभवापासून क्षयापर्यंत. शालिवाहन शकाच्या गणनेत दरवर्षी एक नाव पुढे सरकते आणि साठ वर्षांनी पहिले नाव पुन्हा येते. हीरक महोत्सव म्हणजे असे एक पूर्ण आवर्तन. शाळेचा पहिला वर्ग ज्या नावाच्या संवत्सरात भरला, त्याच नावाच्या संवत्सराशी शाळा पुन्हा येऊन पोचते. या साठ वर्षांत येथे किती पाठटाचणे लिहिली गेली आणि किती कच्च्या वह्या शिवल्या गेल्या, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. माजी विद्यार्थ्यांच्या घरी, जुन्या ट्रंकेच्या तळाशी, त्यांतील एखादी अजून असेल. ती शोधून काढावी, तिचा दोरा सुटला असेल तर नवा घालावा, आणि नव्या वर्षाची कोरी वही शिवायला घेताना घरातील लहानांना सुईत दोरा ओवायला बोलवावे.